आम्ल सांडणाऱ्या जमिनीवर थर देताना : खरवडण्यापासून स्पार्क चाचणीपर्यंत

कारखान्याच्या काँक्रीट जमिनीला आम्लापासून वाचवायला इपॉक्सीचा, म्हणजे दोन घटक मिसळून पक्क्या होणाऱ्या रेझिनचा, थर देतात. त्याबद्दल जुलै-ऑगस्टमध्ये मला येणारे फोन एकाच साच्याचे असतात. "मे महिन्यात केलेलं इपॉक्सी फुगलंय, पापडासारखं सुटतंय." फोन कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून असो, गोकुळ शिरगावातून असो, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतून असो, पुढचा प्रश्न ठरलेला: "डबा चांगल्या कंपनीचा घ्यायला हवा होता का?"

मी जागेवर जातो तेव्हा आधी सुटलेला तुकडा उलटा करून बघतो. खालच्या बाजूला सिमेंटची करडी भुकटी चिकटलेली असेल, तर थर काँक्रीटला धरूनच होता. काँक्रीटची वरची कच्ची साय मात्र खालच्या पक्क्या काँक्रीटला धरून नव्हती, ती थरासकट उचलली गेली. खालची बाजू गुळगुळीत, ओलसर किंवा चिकट असेल, तर ओल किंवा तेल दाबून वर थर दिलेला असतो. मी पाहिलेल्या बहुतेक कामांत दोष या दोन्हींपैकी एक निघाला. डब्याचा दोष क्वचितच.

म्हणून इथे तयारीला जास्त जागा दिली आहे आणि रोलर फिरवण्याला कमी. वेळेची आणि मजुरीची वाटणीही प्रत्यक्षात तशीच असायला हवी.

टप्पा १ : कॅलेंडर उलटे मोजा

साखर कारखाना आणि डिस्टिलरीतल्या कामाला गाळप संपल्यावरच मुहूर्त लागतो. त्यानंतर दुरुस्तीच्या यादीत जमिनीचा नंबर शेवटचा, त्यामुळे ठेकेदाराला बोलावणे येते ते मे महिना सरत आल्यावर. तोवर वळीव सुरू झालेला असतो आणि जून डोक्यावर असतो.

उलटे मोजून बघा. शेवटचा थर दिल्यावर रसायन सांडू देण्याआधी किमान ७ दिवस. थर देण्याचे ३ ते ५ दिवस. धुतल्यानंतर वाळायला १० ते १५ दिवस, खोल हौद असेल तर त्याहून जास्त. खरवडणे आणि दुरुस्ती यांना ५ ते ८ दिवस. नवीन काँक्रीट असेल तर त्याचे २८ दिवस वेगळेच. म्हणजे नवीन काँक्रीट धरून जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपवायचे, तर मार्चअखेर किंवा फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमीन रिकामी मिळायला हवी. फाउंड्री आणि प्लेटिंगवाल्यांना आणखी एक चांगला काळ मिळतो, दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. रात्री गार असतात, पण हवा कोरडी असते.

टप्पा २ : काय सांडणार ते लिहून काढा

"ॲसिडप्रूफ द्या" ही मागणी अपुरी आहे. चार गोष्टी कागदावर हव्यात: रसायन कोणते, किती टक्के, किती तापमानाचे आणि किती वेळ साचून राहणार. सांडले की लगेच धुतले जाते ती जमीन वेगळी आणि टाकी फुटली तर तीन दिवस आम्ल धरून ठेवणारा हौद वेगळा.

साधी बिस्फेनॉल-ए इपॉक्सी कॉस्टिक, तेल, मीठ आणि सौम्य खनिज आम्ले चांगली सोसते. तीव्र सल्फ्युरिक आम्लाला नोव्होलॅक, म्हणजे जास्त दाट बांधणीची, इपॉक्सी लागते. हुपरीच्या चांदीकामातले नायट्रिक किंवा कापड प्रोसेसमधले हायपोक्लोराइट ही जाळणारी, म्हणजे ऑक्सिडीकरण करणारी रसायने. त्यांच्यापुढे साधी इपॉक्सी पिवळी पडते, ठिसूळ होते. तिथे व्हिनाइल एस्टर हे वेगळे रेझिन बघावे, तेही टक्केवारी तपासून. दूध प्रक्रियेत लॅक्टिक आम्ल, गरम पाणी आणि वाफ एकाच जमिनीवर येतात. तिथे ६ ते ९ मिलिमीटर जाडीचे पीयू सिमेंट (पॉलियुरेथेन आणि सिमेंटचे मिश्रण) टिकते, कारण अचानक गरम-गार होण्याने ते तडकत नाही. ॲसेटिक आणि लॅक्टिक ही नावाला सौम्य आम्ले साध्या इपॉक्सीला मऊ करतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

मळीबद्दल हमखास गैरसमज आढळतो. "गोडच तर आहे, ती काय करणार?" साखर काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून विरघळणारा पदार्थ बनवते आणि मळी आंबली की त्यात सेंद्रिय आम्लांची भर पडते. मळीच्या टाकीभोवतालचे काँक्रीट खडबडीत होऊन खडी वर आलेली दिसते, ते यामुळे.

स्टेनलेस स्टीलच्या कास्टिंगचे पिकलिंग (आम्लाने सफाई) करणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे. त्या मिश्रणात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल, तर ते काचेला आणि वाळूला खाते. थरात काचेचे कापड किंवा सिलिका वाळू असेल तर तो आतून पोखरला जातो. अशा जागी कृत्रिम धाग्याचे कापड आणि कार्बन किंवा ग्रॅफाइटची भुकटी वापरलेली प्रणालीच मागा.

> तपासणी : कंपनीच्या तक्त्यावर विसंबू नका. काँक्रीटच्या हातभर तुकड्यांवर निवडलेला थर द्या, ७ दिवस पक्का होऊ द्या आणि तुमच्याच कारखान्यातल्या द्रवात महिनाभर बुडवून ठेवा. फुगला, मऊ पडला, चकाकी गेली तर लगेच कळते. फेब्रुवारीत ही चाचणी लावली की एप्रिलपर्यंत उत्तर हातात असते.

टप्पा ३ : जमिनीची नाडी बघा

हातोडी घेऊन सगळी जमीन ठोकत फिरा. भदभद आवाज येईल तिथे खडूने गोल काढा. काँक्रीटची पकड किती, हे पुल-ऑफ यंत्राने मोजून घ्या. धातूची चकती चिकटवून ओढायची, १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आत काँक्रीट तुटले तर ती जमीन थर पेलणार नाही.

मग पाण्याचे थेंब टाका. थेंब पसरून मुरले तर ठीक. मण्यासारखे उभे राहिले तर खाली तेल आहे, नाहीतर काँक्रीट ओतल्यावर त्यातले पाणी टिकावे म्हणून मारलेले क्युरिंग कंपाउंड आहे.

आम्ल आधीच किती खोल गेले आहे, हे बघायला फिनॉल्फ्थॅलीन वापरा. छिन्नीने ताजा तुकडा फोडून त्यावर फवारा. गुलाबी झाले ते काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे. रंग आला नाही तितक्या खोलीपर्यंत त्याचा चुना संपला आहे. रंग न येणारा भाग हाताने भुगा होत असेल, पांढरट आणि जिप्समसारखा मऊ असेल, तर तो पूर्ण काढावाच लागेल, मग २० मिलिमीटर जावो नाहीतर ४०. जागा टणक असूनही रंग येत नसेल तर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असू शकते. तिथे निकाल पुल-ऑफवर ठेवा.

टप्पा ४ : धुणे, आणि तेही क्रमाने

इथे सगळ्यात जास्त घाई होते. ग्राइंडर आणलेला असतो, दिवसाचे भाडे चालू असते, म्हणून लोक आधी घासतात. तेलकट जमीन आधी घासली तर तेल धुळीत मिसळून छिद्रांत ठासले जाते.

क्रम असा ठेवा:

१. साचलेला गाळ, मळी, वाळू कोरडीच खरवडून बाहेर काढा.

२. तेलासाठी अल्कधर्मी डिटर्जंट कोमट पाण्यात टाकून कडक ब्रशने घासा, गढूळ पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्या. पाण्याचा थेंब मुरेपर्यंत पुन्हा करा. थिनरने पुसू नका, तेल पातळ होऊन आणखी खोल जाते.

३. आम्ल मुरलेल्या भागावर धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाका, फेस थांबेपर्यंत. मग जोरदार पाण्याने धुवा.

४. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा पीएच मोजा. नळाच्या स्वच्छ पाण्याच्या पीएचपेक्षा तो १ ने कमी ते २ ने जास्त या टप्प्यात यायला हवा.

> इशारा : "ॲसिड मारून जमीन खरबरीत करतो" असे कोणी म्हणाले तर नकार द्या. हायड्रोक्लोरिक आम्ल तेलाखाली पोहोचत नाही. मागे राहिलेले कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढते आणि थराखाली पाणी जमवून फोड आणते. क्लोराइड आत उतरले की सळ्याही गंजतात. ज्या जमिनीला आम्लापासून वाचवायचे तिला आम्लानेच तयार करण्यात अर्थ नाही.

टप्पा ५ : साय काढणे

काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येते आणि त्याबरोबर बारीक सिमेंट. वाळल्यावर तोच पातळ थर वर राहतो. दिसायला गुळगुळीत, पण नखाने खरवडला तर पीठ निघते. ही साय गेलीच पाहिजे.

मोकळ्या जमिनीला शॉट ब्लास्टिंग (बारीक पोलादी गोळ्यांचा मारा) सर्वांत चांगले. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कास्टिंगवरची वाळू आणि खपली जशी शॉटने उडवतो, तसेच इथे सायीचे. फक्त यंत्र चाकांवरचे असते आणि धूळ आत ओढते. कडांना, हौदाच्या भिंतींना डायमंड ग्राइंडर. मऊ पडलेले जाड काँक्रीट काढायचे तर स्कॅरिफायर, म्हणजे दातेरी चाकांनी कोरणारे यंत्र. त्याने काँक्रीटला बारीक भेगा पडतात, म्हणून त्यानंतर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंगचा एक हात फिरवावाच.

किती खरबरीत हवे, हे थराच्या जाडीवर ठरते. रोलरने दिलेल्या पातळ थराला बारीक सँडपेपरसारखा स्पर्श पुरतो. कापड घातलेल्या अस्तराला किंवा पीयू सिमेंटला खडीचे डोके दिसेल इतका खडबडीतपणा लागतो. कंपन्यांच्या कागदावर हे १ ते १० अशा सीएसपी (काँक्रीट सरफेस प्रोफाइल) क्रमांकाने दिलेले असते. पातळ थराला साधारण १ ते ३, जाड थराला ३ ते ५, पीयू सिमेंटला ५ च्या पुढे. नमुन्याच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्या जमिनीवर ठेवून डोळ्यांनी आणि बोटांनी जुळवून बघा.

> तपासणी : काळी चिकटपट्टी जमिनीवर दाबून ओढा. पट्टीवर पांढरी भुकटी आली तर व्हॅक्यूम पुन्हा फिरवा. झाडूने काम भागत नाही, झाडू धूळ फक्त जागा बदलून ठेवतो.

टप्पा ६ : खड्डे, वाटा, सांधे आणि खाच

बुडबुड्यांची भोके आणि खड्डे इपॉक्सी आणि क्वार्ट्‌झ वाळूच्या पुट्टीने भरा. सिमेंटने भरलेत तर त्या ठिगळाचे २८ दिवस पुन्हा मोजायला लागतील. उघडी पडलेली सळी चकचकीत होईपर्यंत घासा, झिंक प्रायमर द्या, मगच पुट्टी.

जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन ठेवू नका. साधारण ५० मिलिमीटरचा वाटा, म्हणजे गोलसर कोपरा, काढा. काटकोनात थर पातळ होतो आणि पहिली भेग तिथेच पडते. पाण्याचा उतार गटाराकडे किमान १:१०० हवा. तो नसेल तर आत्ताच करा, थर दिल्यावर उतार देता येत नाही.

थर जिथे संपतो, म्हणजे दारात, गटाराच्या काठाला, यंत्राच्या चौथऱ्याला, तिथे करवतीने खाच मारा. पीयू सिमेंटसाठी खाचेची रुंदी आणि खोली थराच्या जाडीच्या दुप्पट धरतात. थर त्या खाचेत उतरवून बसवला की फोर्कलिफ्टच्या चाकाने कड उचकटत नाही. इथे कंजुषी केलेले काम दुसऱ्या वर्षी कडेपासून सोलत आत जाते.

हलणारे सांधे थराखाली दाबू नका. थर सांध्यापाशी तोडा आणि तिथे रसायन सोसणारे सीलंट भरा.

टप्पा ७ : वाफसा

आपल्याकडे शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरत नाही. जमिनीत ओल किती आहे हे तो मूठभर माती दाबून बघतो. काँक्रीटचेही तेच आहे, पण वर कोरडे दिसले की इथले लोक पेरून मोकळे होतात.

४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. सुमारे ५० चौरस मीटरला एक, शिवाय खोल जागी एक जादा. काढल्यावर खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबा. उन्हात ठेवू नका, उत्तर चुकीचे येते. मीटरने मोजत असाल तर बहुतेक इपॉक्सींना ४ टक्क्यांच्या आतली ओल चालते.

जमिनीखालचे हौद आणि सांडपाण्याच्या टाक्या हा वेगळा विषय आहे. पंचगंगेच्या सखल पट्ट्यात पावसाळ्यात भूजल वर येते आणि भिंतीच्या मागून, तळाखालून दाब देते. एप्रिलमध्ये सुकी असलेली टाकी ऑगस्टमध्ये पाठीमागून पाणी पाझरते आणि थर आतल्या बाजूला फुगतो. माझे स्वतःचे एक काम असेच गेले. टाकी मी मेमध्ये तपासली होती आणि कोरडी होती. मागचा पावसाळा कसा गेला, हे तिथल्या ऑपरेटरला विचारलेच नव्हते. त्याने सांगितले असते की कोपऱ्यातून दरवर्षी पाणी येते. आता मी पहिला प्रश्न तोच विचारतो. पाझर असेल तर आधी भेगांत रेझिनचे इंजेक्शन करून तो बंद करावा लागतो आणि त्यावर ओल सोसणारा तीन घटकांचा इपॉक्सी-सिमेंटचा २ ते ३ मिलिमीटरचा थर लागतो. त्यानंतरच रसायनाचा थर.

टप्पा ८ : प्रायमर, संध्याकाळी

काँक्रीट सकाळी तापत जाते तेव्हा छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या प्रायमरमध्ये बुडबुडे करते. दहा-अकरा वाजता दिलेल्या प्रायमरवर दुपारी सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात, त्याचे कारण हे. उघड्यावरच्या जागी प्रायमर ऊन उतरल्यावर, काँक्रीट गार होत असताना द्या. हवा आत जाते आणि प्रायमरलाही आत ओढते.

मात्र संध्याकाळी दवाचा धोका असतो. काँक्रीटचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवे. हवा २४ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २० अंश येतो, म्हणून जमीन किमान २३ अंश पाहिजे. हवेचे तापमान बघून अंदाज करू नका, जमिनीला थर्मामीटर लावा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की काम बंद.

प्रायमर कुठे पूर्ण शोषला गेला आणि जमीन कोरी दिसू लागली तर तिथे दुसरा हात द्या.

टप्पा ९ : मिसळणे

बेस आणि हार्डनर यांचे डबे पूर्णच वापरा. अर्धा डबा डोळ्यांच्या अंदाजाने काढला की प्रमाण चुकते आणि तो भाग कायम चिकट राहतो. आधी बेस ढवळा, मग हार्डनर ओता, मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या संथ ड्रिलने ३ मिनिटे ढवळा. मग ते दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेला माल चिकटून राहतो.

मिसळल्यावर लगेच जमिनीवर ओता. बादलीत ठेवला तर स्वतःच्या उष्णतेनेच तो लवकर गोठतो. तापमान १० अंशांनी वाढले की पॉट लाइफ (मिसळलेला माल वापरण्याजोगा राहण्याचा वेळ) साधारण निम्मी होते, हे एप्रिलच्या दुपारी विसरू नका. "घट्ट झालंय, थोडं थिनर टाका" ही सूचना कधीच मान्य करू नका.

> इशारा : व्हिनाइल एस्टर पक्के करायला लागणारे कोबाल्ट (वेग वाढवणारे) आणि एमईकेपी (पेरॉक्साइड) कॅटॅलिस्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, मगच कॅटॅलिस्ट. दोन्हींचे मापही वेगळे ठेवा. स्टायरिनची वाफ पेट घेते, म्हणून वेल्डिंग आणि ग्राइंडिंग बंद. बंद टाकीत पंखा, गॅस मीटर आणि बाहेर एक माणूस, याशिवाय कोणालाही उतरवू नका. इपॉक्सी हाताला लागली तर साबणाने धुवा. थिनरने हात धुतले की ती कातडीत शिरते आणि कायमची ॲलर्जी जडू शकते.

टप्पा १० : थर

किती माल लागेल, हे आधी काढा. शंभर टक्के घन असलेला माल १०० चौरस मीटरवर ५०० मायक्रॉन द्यायचा तर कागदावर ५० लिटर लागतात. खरबरीत काँक्रीटसाठी १५ ते २५ टक्के जास्त धरा. दिवसअखेर रिकामे डबे मोजा. ५० लिटरच्या जागी ३५ च संपले असतील तर जाडी कुठे गेली, ते उघड आहे. ओल्या थरात कंगवा-गेज (जाडी मोजणारी दातेरी पट्टी) दर काही फुटांवर टेकवत जा.

दोन हातांचे रंग वेगळे ठेवा, सुटलेली जागा लगेच दिसते. दुसरा हात कंपनीने सांगितलेल्या वेळेतच द्या. वेळ टळली तर आधी घासून चकाकी काढा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा तेलकट पडदा येतो. तो दिसला तर कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, वाळू द्या, मग पुढचा हात.

व्हिनाइल एस्टरमध्ये मेण फक्त शेवटच्या हातात घालायचे. मधल्या हातात घातले तर वरचा थर त्यावर धरत नाही.

टाकीखालच्या हौदात फक्त रोलरचा थर देऊन थांबू नका. कापड घालून २ ते ३ मिलिमीटरचे अस्तर करा, कापडात हवा राहणार नाही असे रोलरने दाबत. शिवाय हौदाचे आकारमान सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के आहे का, हेही बघा. नसेल तर कितीही चांगला थर काठावरून वाहणारे आम्ल थांबवणार नाही.

टप्पा ११ : तपासून ताब्यात घ्या

व्हिनाइल एस्टर पक्के झाले का हे बघायला कापडावर ॲसिटोन घेऊन घासा. चिकट लागले तर अजून कच्चे आहे. नाणे टेकवत टकटक करत फिरा, पोकळ आवाज आला तिथे खूण करा.

बारीक भोकांसाठी स्पार्क चाचणी : थरावरून जास्त व्होल्टेजचे यंत्र फिरवायचे, भोक असेल तिथे ठिणगी पडते. व्होल्टेज साधारण दर मायक्रॉनला ४ व्होल्ट, म्हणजे १ मिलिमीटर जाडीला सुमारे ४,००० व्होल्ट, पण आकडा कंपनीच्या कागदावरून पक्का करा. ही चाचणी काँक्रीटवर नीट चालायची तर खाली वीजवाहक प्रायमर असावा लागतो. कोरड्या काँक्रीटवर यंत्र फिरवून "एकही भोक नाही" असा अहवाल मिळाला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून हे प्रायमर निवडतानाच ठरवा.

२५ ते ३० अंश तापमानाला ७ दिवस रसायन आणि पाणी दोन्ही लांब ठेवा. थंडीत त्याहून जास्त. पायाने चालता आले म्हणजे आम्ल सांडायला हरकत नाही, असा हिशेब बॉयलर सुरू करण्याच्या घाईत फार वेळा केला जातो.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्याला, एकदा पुन्हा नाणे घेऊन फिरा. पोकळ जागा सापडली तर पक्का थर लागेपर्यंत कापून काढा, कडेपासून पुढे ५० मिलिमीटरपर्यंत थर घासून उतरता करा, काँक्रीट सुकवा आणि त्याच मालाने ठिगळ द्या. दुसऱ्या कंपनीचा माल जुन्या थरावर आधी थोड्या जागी लावून बघा. आठवड्याने तो सोलून निघत नसेल तरच पुढे जा.